प्लायवरचे ठिपके

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी "मूळव्याध उपचार केंद्र, रुग्णाने स्वतः उघडावे" असं मी ठळक अक्षरात लिहिलंय. तुझ्या गोदामात डाक आधी मॅनेजरच्या टेबलावर जाते, हे मला माहीत आहे. म्हणजे आत्ता हे वाचताना कुणीतरी तुला बसायला उशी आणून दिली असेल. घे. माझा नंबर ब्लॉक केल्याची ही शिक्षा. पुढच्या पाकिटावर काय लिहायचं तेही ठरलंय, तेव्हा काय ते बघ.

एकदा मी तुझ्या मॅनेजरला अग्निशमन दलाच्या साहेबांच्या आवाजात फोन केला आणि तुम्हाला सगळ्यांना उन्हात उभं केलं, तर तू थेट ब्लॉक? लहानपणी तू माझ्या चपला गच्चीवरून खाली फेकायचास. मी तुला कुठे ब्लॉक केलं होतं?

गोड काहीतरी लिहून सुरुवात करायची असते म्हणे. ते मी गाळलंय. मुद्दा ऐक. बाबा गाडी देऊन टाकतायत.

कोपऱ्यावर एकाने नवीन हॉटेल काढलंय. आत जुने रेडिओ, जुनी शिलाई मशीन, बंद पडलेली घड्याळं. एकही वस्तू चालू नाही, आणि लोक फोटो काढतात. त्या हॉटेलवाल्याला आजोबांची मोटरसायकल भिंतीवर टांगायची आहे. टांगायची, दादा. साखळ्यांनी. खाली लोक बसून सूप पिणार. मी विचारलं, इंजिनाचं काय? तर म्हणाला, "ते बंदच बरं, उगाच सूपमध्ये गळायचं." त्यावर बाबा हसले. पाय मोडल्यापासून ज्यांनी घरात कुणाला दात दाखवले नाहीत, ते त्या माणसाच्या फालतू विनोदावर हसले. मला त्या दोघांना एका साखळीने टांगावंसं वाटलं.

महिनाअखेरीस तो टेंपो घेऊन येणार.

तू गेल्यावर बाबांनी काय सुरू केलंय ते तुला माहीत नाही. रोज सकाळी कामाला बसायच्या आधी ते गाडीखाली प्लायचा एक कोरा तुकडा सरकवतात आणि आदल्या दिवशीचा बाहेर काढतात. त्यावर ऑइलचे ठिपके पडलेले असतात. मग कानामागची पेन्सिल काढून प्रत्येक ठिपक्याभोवती गोल करतात आणि खाली लिहितात, "थोरल्याचं काम." सुताराचं सुंदर अक्षर. असे तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेत, लावून, मापात. कुणी गिऱ्हाईक दाराची चौकशी करायला आलं की आधी ते बघतं. काही जण विचारतात. बाबा सांगतात. सगळं सांगतात.

मी भांडले. आवाज वाढवला, काठी लपवली, जेवले नाही, सगळं केलं. शेवटी म्हणाले, "बरं. तू एवढी शहाणी आहेस तर दुरुस्त कर. गाडी चालव, आणून उभी कर, सकाळी प्लाय कोरडा दाखव. मग ठेवू."

"आणि पडला एखादा ठिपका तर?"

"तर गेली. ज्याचं काम होतं तो गेलाच आहे."

म्हणून हे पत्र. तुला बोलवायला नाही. कुठली हत्यारं कुठे ठेवलीस तेवढं कळव.

शेंडेफळ

९ फेब्रुवारी

दादा,

या वेळचं पाकीट "विवाहेच्छुक विधुर मंडळ" यांच्याकडून आहे. उत्तर न दिल्याबद्दल अभिनंदन. हत्यारं मीच शोधली. माळ्यावर, तुझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली, बाळासारखी. एवढा जीव होता तर सोबत का नाही नेलीस?

आधी गळतं कुठून ते बघायचं म्हणून अख्खं इंजिन रॉकेलने धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि आईची टाल्कम पावडर त्यावर मारली. सगळा डबा. गाडी नुकतीच आंघोळ घालून झालेल्या बाळासारखी दिसायला लागली, वासही तसाच. मग किक. तिसऱ्या की चौथ्या किकला तिने उलटी लाथ मारून माझी नडगी सोलली, आणि मग सुरू झाली. तो आवाज विसरला असशील तर तुझं नशीब. मी विसरले नव्हते. आई स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली. तिला वाटलं, तू आलास. मग तिने पावडरचा डबा पाहिला आणि मला शिव्या घातल्या, पण शिव्यांत दम नव्हता.

पांढऱ्या पावडरीवर काळ्या रेघा उतरायला लागल्या. वर रॉकरच्या झाकणाखालून एक. पुशरॉडच्या नळीच्या बुडाशी एक. टायमिंग कव्हरच्या कडेने. आणि मागे, साखळीच्या चक्रामागच्या सीलमधून सगळ्यात जाड.

ते मागचं सील. तेच ना? तिथलं ऑइल साखळीवरून मागच्या टायरवर गेलं आणि वळणावर बाबा घसरत गेले ते थेट दुभाजकापर्यंत.

चार ठिकाणांहून गळतं म्हटल्यावर कुणालाही वाटणार की बांधणाऱ्याने डोळे मिटून बांधलंय. मलाही वाटलं. तुला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही. पोस्टमन सभ्य माणूस आहे.

मग एकेक कव्हर उघडलं. तुझ्या चुका शोधायला उघडलं, खोटं कशाला बोलू. आणि सापडेनात. प्रत्येक पॅकिंग नीट कापलेलं, बोल्टच्या भोकाशी कुठे फाटलेलं नाही. दोन्ही बाजूंना पातळ लाख, बाबांच्या पॉलिशच्या बाटलीतलीच, वासावरून ओळखली. गोंदासारखे लोंबणारे गोळे कुठे नाहीत. कव्हरची कड सपाट आहे का बघायला टीव्हीखालची जाड काच काढली (टीव्ही सध्या खुर्चीवर आहे), त्यावर पॉलिश पेपर चिकटवला, कडेवर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि घासलं. वाकडी असती तर काही रेघा राहिल्या असत्या. सगळ्या एकदम गेल्या. म्हणजे तूही आधी असंच घासलं होतंस.

मला त्याचाच राग आला. काम एवढं चांगलं केलंस, तर गळतंय का? आणि चांगलं केलं होतंस, तर दवाखान्यात तोंड का नाही उघडलंस? भूल पूर्ण उतरायच्या आधी बाबा पहिलं वाक्य बोलले, "त्याला माझ्या गाडीला हात लावू देऊ नका." तू दाराशी होतास. मी तुझ्या मागे, हातात त्यांचे बूट धरून. तू वळलास, माझ्या खांद्याला धडकलास आणि सॉरीसुद्धा न म्हणता गेलास. मला वाटलं चहा प्यायला चाललास. बूट धरून मी किती वेळ तशीच उभी होते.

असो. नवीन सील लेथवाल्या काकांकडे सांगितलंय. त्यांनी तुझी चौकशी केली नाही. त्यांच्याकडे कामाला असताना घालायचास तो तुझा निळा कोट लेथच्या मागच्या खिळ्याला अजून लटकतोय, आणि त्यांनी त्याच्याकडे बघायचंही टाळलं.

शेंडेफळ

१३ फेब्रुवारी

दादा,

मी लबाडी केली. तुला सांगते कारण तुला आवडेल, आणि आवडलेलं तू मला कळवणार नाहीस, म्हणजे तुलाही त्रास.

सील यायला वेळ लागणार होता. म्हणून गाडीतलं सगळं ऑइल डब्यात काढून घेतलं, गाडी ढकलत बाहेर नेली, तोंडाने इंजिनाचा आवाज काढत गल्लीला एक चक्कर मारली आणि ढकलत परत आणली. इंजिनाचा आवाज मला बरा जमतो. सकाळी प्लाय कोरा. आरशासारखा.

बाबा काठी टेकत आले. वाकले. प्लायकडे बघितलंही नाही. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, खिशातून लाकडी पट्टीचा तुकडा काढला, आत घातला, बाहेर काढला. कोरडा ठणठणीत.

म्हणाले, "ऑइलच नसलं की गळत नाही, हे मला सुतारालासुद्धा कळतं."

"तुम्ही म्हणालात प्लाय कोरडा दाखव. दाखवला."

"आणि गल्लीत तो कोण ओरडत होता? म्हैस?"

"टॉप गिअर होता तो."

त्यांनी प्लाय उचलला आणि खाली लिहिलं, "शेंडेफळाचं काम." ओठाची एक बाजू वर गेली होती, मी पाहिलं. आणि मग तो तुकडा ठेवायला भिंतीकडे वळले, तिथले बाकीचे सगळे तुकडे दिसले, आणि ओठ परत खाली. ते हसू तिथे मेलं. तुझ्यामुळे की त्यांच्यामुळे, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून मी दोघांवर सारखीच चिडले.

अजून एक सांगायचं राहिलं. क्लच घसरतोय, किक मारतानाच कळलं. तो वेगळा विषय, मग बोलते.

शेंडेफळ

१८ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एका ओळीत चार वाक्यं. "पत्रं पाठवू नकोस. गाडी जाऊ दे. माझ्याच हातून झालं ते. मी आता इंजिनला हात लावत नाही."

आईने ते वाचलं आणि देवळात ठेवावं तसं दोन्ही हातांनी कपाटात ठेवलं. मी ते बाहेर काढून फाडणार होते. तिने हात धरला. एवढीच गोष्ट आहे ज्यासाठी मी तुझं कार्ड फाडलं नाही.

माझ्याच हातून. काय रे, कुणी तपासलं? बाबा गुंगीत बोलले आणि तू ऐकून घेतलंस. उघडून पाहिलंस? नाही. नुसतं मान खाली घालून गेलास आणि तिकडे खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसलास. ज्या माणसाने मला सात-आठ वर्षांची असताना डोळे बांधून नटची मापं बोटांनी ओळखायला शिकवली, तो चिठ्ठ्या चिकटवतो. तुला स्वतःला शिक्षा करून घ्यायला मजा येत असेल. आम्हाला नाही येत. जेवताना चौथं ताट अजून काढतो आणि परत ठेवतो.

आता तिथे बसून वाच. काल नवीन सील बसवली. सगळी. पॅकिंगं नवीन कापली, तुझ्याच साच्यावरून. बोल्ट आडवे-उभे क्रमाने आवळले. ऑइल भरलं. खरंच चालवली, तोंडाने नाही. मैदानाला फेऱ्या मारल्या. आणि घरी येईपर्यंत माझी उजवी चप्पल ऑइलने भरली होती. आधीपेक्षा जास्त. मागचं नवीन सील तर जागेवरून अर्धं बाहेर आलं होतं, दात हलावा तसं. नवीन, दादा. मी स्वतः ठोकून बसवलेलं.

मी तिथेच फरशीवर बसून पाना भिंतीवर मारला. पोपडा उडाला. बाबांनी रंधा थांबवला, ऐकलं, परत सुरू केला.

ते सील घेऊन आज लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी ते बोटावर फिरवलं.

"कुणीतरी आतून ढकललंय," म्हणाले.

"आत कोण आहे, भूत?"

"हवा. पिस्टन खाली येतो तेव्हा खालची हवा कुठेतरी जायला पाहिजे ना पोरी. नाक आणि तोंड दोन्ही दाबून शिंकून बघ."

मी बघितलं. कान फुटले असते. ते हसले नाहीत. म्हणाले, "तिला नाक असतं. मागे एक नळी जाते. जा, बघ ती उघडी आहे का." मग लेथ सुरू करता करता पाठमोरे बोलले, "थोरल्याने ती सोडली असेल असं मला वाटत नाही." तुझ्याबद्दल पहिलंच वाक्य.

उद्या बघते. पाकिटावर आज काही लिहिलेलं नाही. मूड नाही.

१९ फेब्रुवारी

दादा,

बसला असशील तर उभा राहा. उभा असशील तर बस.

नळी सापडली. इंजिनाच्या मागून निघते, बॅटरीच्या डब्यामागून जाते आणि मागच्या मडगार्डच्या आत तोंड वळवते. हे तुला माहीत आहे, तूच बसवलीस. पण तोंडात काय आहे ते तुला माहीत नाही. आरसा धरल्याशिवाय दिसत नाही. मी आईचा हातातला आरसा धरला.

बूच. लाकडी बूच.

साधं कोंबलेलं नाही. सागाचं. खालून निमुळतं, नळीच्या मापाला इतकं बरोबर की पकडीने ओढावं लागलं. डोक्याची कड मारलेली, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली. आणि वरून काळा रंग, नळीला शोभावा म्हणून. या घरात असं बूच कोण करतं ते मी लिहू का?

ते काढलं तेव्हा नळी सुस्कारा टाकल्यासारखी वाजली. खरंच वाजली.

मला एकदम आठवलं. तू इंजिन बांधून गाडी उभी केलीस त्या आठवड्यात मागच्या चाकापाशी रोज एक ठिपका पडायचा. आई पुसून वैतागली. बाबा तुला म्हणाले, हे बंद कर. तू म्हणालास, तो पडायचाच, जुन्या गाड्यांचा पडतो. त्यावर बाबांचं तोंड. "माझ्या सांध्यातून कधी पाणी गेलंय? पडायचाच म्हणे." तू खांदे उडवलेस आणि आत गेलास. तुला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी ठिपका पडला नाही, आणि बाबा खुशीत शीळ घालत होते. आणि दोन दिवसांनी ते त्याच गाडीवरून घसरले.

भोक दिसलं की बूच मारायचं. सुतार आहेत. त्यांना वाटलं, पोराला जमलं नाही ते आपण सुपारीएवढ्या लाकडात केलं. तुला सांगितलंही नाही, तुझा पोपट करायचा म्हणून. आणि मग सगळं ऑइल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडलं, तुझ्या चांगल्या सांध्यांमधून, तुझ्या चांगल्या सीलमधून, टायरवर.

दादा, तुझे हात ठीक होते.

हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलंय, कारण ते लिहिताना मला तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटतेय. आरसा धरायचा होता. एवढंच. एक आरसा.

२१ फेब्रुवारी

दादा,

काल जेवताना मी ते बूच बाबांच्या ताटात मधोमध उभं केलं, भाताच्या ढिगावर.

त्यांनी उचललं, पुसलं, उजेडात धरलं. "साग आहे," म्हणाले. "खिडकीच्या चौकटीतून उरला होता."

"छान बसलं होतं."

"बसणारच."

"एवढं छान बसलं होतं की हवा जात नव्हती. नाक-तोंड दाबून शिंका, बाबा. शिंकून बघा. कुठून बाहेर येतं ते सांगा मला."

मग मी सगळं सांगितलं. पावडर, रेघा, काचेवर घासलेली कव्हरं, अर्धं बाहेर आलेलं सील. आवाज चढवून सांगितलं. शेजारच्यांनी टीव्ही बंद केला, इतकं. आई वाढायची थांबली. बाबा जेवत राहिले. मग एक घास तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. बूच शर्टच्या खिशात टाकलं, काठी घेतली, उठले. हात धुवायला नळ सोडला आणि तो बराच वेळ तसाच वाहत होता.

"माहीत होतं का तुम्हाला?" मी ओरडले. त्यांनी नळ बंद केला.

भांडी घासताना आई म्हणाली, "मीच कटकट केली होती, फरशीवर ठिपका पडतो म्हणून."

"बूच तू केलंस का?"

"फरशी तर माझी होती."

"आई, तू आता सुरू होऊ नकोस. या घरात प्रत्येकाला स्वतःला फाशी द्यायची हौस आहे. एक तिकडे चिठ्ठ्या चिकटवतोय, तेवढा पुरे."

ती हसली आणि हसता हसता रडली, आणि साबणाचे हात डोळ्याला लागले म्हणून आणखी रडली. हे तुला कळवू नको म्हणालीय. कळवलं.

पण खरा संताप पुढे आहे. आज सकाळी बाबांनी हॉटेलवाल्याला फोन केला. मी दाराआडून ऐकलं. "महिनाअखेर कशाला, परवाच घेऊन जा."

कळतंय तुला? आता ती टांगायची आहेच त्यांना. उंच. म्हणजे कुणी मडगार्डखाली आरसा धरायला नको. लोक खाली सूप पितील, आणि भिंतीला टेकवलेल्या प्लायवर तुझं काम तसंच राहील.

मी त्यांच्याशी बोलत नाहीये. त्यांच्या काठीच्या मुठीला थोडी लाख लावून ठेवलीय. हात चिकटतो. बाबा नुसते सोडवून घेतात.

२३ फेब्रुवारी

दादा,

काल सगळं परत बांधलं. सील पुन्हा बसवली, ऑइल भरलं, नळीचं तोंड मोकळं ठेवलं. संध्याकाळी उजेड होता तोवर चालवली. मैदान, मोठा रस्ता, तो चढ कसाबसा, आणि ते वळणसुद्धा. वळणावर मी मुद्दाम वेग कमी केला नाही. मागचं चाक जागचं हललं नाही. परत येऊन नडगीला हात लावला, चप्पल तपासली. कोरडं. मग बाबांच्या ढिगातून एक कोरा प्लाय घेतला, खाली सरकवला आणि कुणाला काही न सांगता झोपले.

सकाळी मी दात घासतच होते तेव्हा टेंपो आला. हॉटेलवाला, दोन हमाल, दोर, जुनी सतरंजी. बाबा आधीच बाहेर, काठीवर दोन्ही हात. मी तशीच धावत गेले, तोंडात फेस, ब्रश हातात. भांडणाच्या वेळी फेस थुंकायचा कुठे हा प्रश्न पडतो, तुला सांगते. तोंडातच ठेवला.

हॉटेलवाल्याने वाकून प्लाय ओढला आणि हसला. "अजून गळतेच की बाई तुमची."

मी बघितलं. इंजिनाखाली काही नव्हतं. चेनखाली काही नव्हतं. कोरा करकरीत. फक्त मागच्या कडेला, जिथे नळीचं तोंड येतं तिथे, एक ठिपका. एकच, मुगाएवढा.

एक ठिपका नाही, अशी अट होती. मला वाटलं, संपलं. मी तोंड उघडलं, पण फेस.

बाबांनी प्लाय त्याच्या हातातून घेतला. कानामागची पेन्सिल काढली. ठिपक्याभोवती गोल केला, आणि पेन्सिल तशीच धरून उभे राहिले. हमालांनी दोर खाली ठेवला.

मग त्या हॉटेलवाल्याला म्हणाले, "हा पडायला पाहिजे. हा नाही पडला तर बाकी सगळीकडून फुटतं. मी अडवला होता हा. माझ्या पोराने सांगितलं होतं पडतो म्हणून. मी बूच मारलं." खिशातून ते बूच काढून त्याला दाखवलं. "हे. पाय माझ्या या बुचाने मोडला. पोराचं काम चोख होतं."

हॉटेलवाला म्हणाला, "अहो ते ठीक आहे, पण टांगायचं काय?"

"टांगायची नाही. चालू गाडी आहे."

तो बडबडत गेला. आता त्याला कुठली तरी दुसरी मेलेली गाडी मिळेल.

म्हणजे बघ. मला नाही सांगितलं. आईला नाही सांगितलं. तुला तर नाहीच. सांगितलं कुणाला, तर दोर घेऊन आलेल्या एका परक्या माणसाला, ज्याला कशाशी काही देणंघेणं नाही. या माणसाचं करायचं काय? मी अजून चिडलेलीच आहे आणि पुढेही चिडणार आहे, तुम्हा दोघांवर, आळीपाळीने.

आत्ता हे लिहितेय तर बाबा अंगणात बसलेत. भिंतीचे सगळे प्लाय पुढ्यात घेतलेत आणि पॉलिश पेपरने एकेकावरचं तुझं नाव घासतायत. ठिपके जात नाहीत, आत मुरलेत. अक्षरं जातायत. मदत करू का विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. माझं अक्षर आहे." मग थोड्या वेळाने, वर न बघता, "त्याला पत्र लिहितेस का?" हो म्हटलं. "काय लिहितेस?" मी म्हटलं, तुमची निंदा. मान हलवली आणि घासत राहिले. तू वाट बघू नकोस की बोलतील. मी बघणं सोडलंय.

आता क्लच.

काल तो चढावर परत घसरला. इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. क्लच ज्याच्या आत बसतो तो चेनकेस उघडून बघितला. क्लचच्या प्लेटी एक लोखंडी, एक कॉर्कची, एक लोखंडी, एक कॉर्कची, अशा लावायच्या असतात. हे तूच मला शिकवलंस. तू दोन लोखंडी शेजारीशेजारी लावल्यायस. एक कॉर्कची प्लेट सगळ्यात बाहेर, एकटीच, उपऱ्यासारखी. हे बाबांनी केलेलं नाही. आईच्या फरशीने केलेलं नाही. इतक्या सगळ्या बोंबाबोंबीत ही एक चूक खरोखर तुझी आहे.

मला ती नीट करायला पाच मिनिटं लागतील. मी करणार नाही. चेनकेस तसाच उघडा ठेवलाय, प्लेटी जागेवर, पाना शेजारी, खाली कोरा प्लाय. लेथवाल्या काकांनी तुझा निळा कोट धुऊन पाठवलाय, तो हँडलवर टाकलाय.

गाडी चढ चढत नाही, दादा. ये आणि तुझं काम नीट कर.

शेंडेफळ

ता. क. या पाकिटावर मागे काय लिहिलंय ते बघू नकोस. मॅनेजरने बघितलंच असेल. सुट्टी देईल तो लगेच.